जंतू मारल्याचा वास

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ कार्लाइल नावाचे शहर आहे. १८६०च्या दशकात तिथल्या मैलापाण्यावर एक प्रयोग चालू होता. कोळशाच्या डांबरापासून काढलेले कार्बोलिक आम्ल थोडेसे त्या पाण्यात मिसळायचे आणि मग ते पाणी कुरणांवर सोडायचे. दुर्गंधी गेलीच, शिवाय त्या कुरणांत चरणाऱ्या गुरांच्या पोटात एरवी होणारे जंतही होईनासे झाले. ही हकीकत ग्लासगो विद्यापीठात शल्यचिकित्सा शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या कानावर आली. लुई पाश्चर यांचे लेखन त्यांनी नुकतेच वाचले होते. दूध नासते, दारू आंबते ती हवेतल्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पाश्चर म्हणत होते. मग जखमही त्यांच्यामुळेच सडत असेल तर? गटारात चालणारे औषध जखमेत का चालू नये?

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज हा ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे नडगीचे हाड मोडले होते आणि वरची कातडीही फाटली होती. त्या काळी कातडी फाटलेला अस्थिभंग म्हणजे जखम चिघळणार, पाय कापावा लागणार आणि तरीही रोगी वाचेल याची खात्री नाही, असा हिशेब असे. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये बुडवलेली पट्टी जखमेवर ठेवली. सहा आठवड्यांनी हाड सांधले आणि मुलगा चालत घरी गेला. १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिस्टर यांचे लेख आले आणि युरोपातल्या शस्त्रक्रियागृहांत कार्बोलिकचा शिरकाव झाला.

त्याबरोबर त्याचा वासही शिरला. कार्बोलिकला डांबरासारखा, किंचित गोडसर पण डोक्यात जाणारा वास असतो. लिस्टर यांनी पुढे शस्त्रक्रिया चालू असताना हवेत कार्बोलिकचा फवारा मारणारे यंत्रही वापरले. डॉक्टरांचे हात पांढरे पडत, बोटे बधिर होत, खोकल्याची उबळ येई. पण शस्त्रक्रियेनंतर माणसे जगू लागली होती. हळूहळू तो उग्र दर्प म्हणजे जंतू मेल्याची ग्वाही, अशी लोकांची धारणा होत गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडून शहर धुण्याचा सपाटा लावला गेला. त्याच सुमारास बाजारात आलेल्या लाल लाईफबॉय साबणाचा वासही कार्बोलिकचाच. ज्या पिढ्यांनी त्या वडीने आंघोळ केली, त्यांच्या लेखी स्वच्छतेला अनेक वर्षे तोच वास होता.

अमेरिकेतल्या डॉक्टरांना मात्र हे सगळे थोतांड वाटत होते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय परिषदेत लिस्टर यांनी तासन्‌तास व्याख्यान दिले, पण फारच थोड्यांचे मन वळले. पाचच वर्षांनी त्याची किंमत जाहीरपणे मोजावी लागली. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शोधण्यासाठी डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया वारंवार जखमेत घातल्या. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळीपेक्षा जंतुसंसर्गानेच त्यांचा घात केला, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात.

याच अमेरिकेत, मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुइस शहरात डॉ. जोसेफ लॉरेन्स राहत होते. लिस्टर यांचा विचार त्यांना पटला होता. कार्बोलिकचा जाच मात्र नको होता. १८७९ साली त्यांनी एक पिवळसर तपकिरी द्रावण तयार केले, लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्याला ‘लिस्टरिन’ नाव दिले आणि ते शस्त्रक्रियेसाठी, जखमा धुण्यासाठी पुढे केले. मोरीतल्या आरशाखाली त्याची बाटली उभी राहील, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

माउथवॉशचा म्हणून जो वास आज जगभर ओळखला जातो, त्याचे मूळ या बाटलीत आहे. तो चार पदार्थांचा आहे: थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. आजच्या लेबलवर त्यांचे प्रमाण छापलेले असते. थायमॉल ०.०६४ टक्के, युकॅलिप्टॉल ०.०९२, मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० आणि मेन्थॉल ०.०४२. चारही मिळून जेमतेम पाव टक्का भरतात, पण बाटलीचे बूच उघडताच खोली भरून जाते. अत्तर म्हणून यांतले काहीही घातलेले नाही. वास देणारे पदार्थ आणि जंतू मारणारे पदार्थ इथे एकच आहेत.

या चौकडीचा कर्ता थायमॉल. कार्बोलिक आम्ल म्हणजे रसायनशास्त्रातला फिनॉल, आणि थायमॉल हा त्याचाच भाऊबंद. फिनॉलच्या कड्याला कार्बनच्या दोन शेपट्या चिकटवल्या की थायमॉल होतो. जंतू मारण्याचा गुण शाबूत राहतो, कातडी भाजणे कमी होते आणि डांबराच्या वासाऐवजी रानवनस्पतीचा वास येतो. १७१९ साली बर्लिनच्या कास्पार नॉयमान यांनी थाइम या युरोपीय वनस्पतीच्या तेलातून त्याचे स्फटिक वेगळे केले होते. १८७०च्या दशकात जर्मनीतल्या काही शल्यविशारदांनी कार्बोलिकऐवजी थायमॉलच्या पट्ट्या वापरून पाहिल्या. लॉरेन्स यांच्या कृतीमागे हीच हवा होती.

मराठी माणसाने थायमॉलचा वास घेतलेला नाही असे होणे कठीण, कारण तो ओव्याचा वास आहे. ओव्याच्या तेलात साधारण निम्मा भाग थायमॉलच असतो. मध्य भारतात ओव्याचा अर्क काढताना वर जे स्फटिक जमत, ते बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून विकले जात. प्रयोगशाळेचा थायमॉल तो हाच. ओव्याचे फूल, पेपरमिंटचे फूल आणि कापूर हे तीनही घन पदार्थ समभाग घेऊन बाटलीत घालावेत आणि हलवत राहावे. पाण्याचा थेंबही न घालता थोड्या वेळात खडे ओलसर दिसू लागतात, कडा विरघळतात आणि शेवटी बाटलीत नितळ द्रव उरतो. एकमेकांत मिसळल्याने त्यांचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. हीच अमृतधारा. पोटदुखीपासून दाढदुखीपर्यंत कशालाही दोन थेंब देण्याचा रिवाज कितीतरी घरांत होता. तिच्या तीन घटकांपैकी थायमॉल आणि मेन्थॉल हे दोन लिस्टरिनमध्येही आहेत. अमृतधारेची सवय असलेल्या नाकाला माउथवॉश परका वाटत नाही, तो यामुळे.

ओव्याचा हा व्यापार लहान नव्हता. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाचा बहुतेक थायमॉल जर्मनीत तयार होई आणि त्यासाठी लागणारा ओवा हिंदुस्थानातून जाई. १९१४ साली युद्ध पेटले, जर्मनीची वाट बंद झाली आणि थायमॉलचे भाव कडाडले. कच्चा माल आपल्याच वसाहतीत पडलेला असताना औषध शत्रूच्या कारखान्यातून आणावे लागत होते, हे ब्रिटिशांच्या तेव्हा ध्यानात आले. पुढे थायमॉल कारखान्यात कृत्रिमरीत्या बनू लागला. त्याची सुरुवात होते क्रेसॉलपासून, आणि क्रेसॉल हा फिनॉलचा सख्खा नातेवाईक.

बाकीच्या तिघांचीही आपापली घराणी आहेत. युकॅलिप्टॉल म्हणजे निलगिरी तेलाचा प्राण. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५२ साली निलगिरीच्या पानांचे तेल काढायचा धंदा सुरू केला. १८७० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोएझ यांनी त्यातला मुख्य घटक ओळखून त्याचे नामकरण केले. सर्दी झाली की गरम पाण्यात चार थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेतात, तेव्हा नाकात शिरतो तो हाच.

मेन्थॉल पुदिन्याच्या जातीतून येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा बाजार जपानच्या हातात होता, होक्काइदो बेटावरच्या कितामी भागात मेन्थाची शेते पसरलेली होती. युद्धानंतर ब्राझील पुढे आला. आज पहिला क्रमांक भारताचा आहे, आणि बाराबंकी, रामपूर, बदायूं या उत्तर प्रदेशातल्या जिल्ह्यांत पिकणाऱ्या मेन्थाच्या तेलाचे वायदे मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर होतात.

चौथा, मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे विंटरग्रीनचे तेल. भारतीय नाकाला तो आयोडेक्सचा, मुरगळलेल्या घोट्याचा आणि क्रिकेटच्या मैदानाचा वास वाटतो. अमेरिकेत तो गोळ्या-चॉकलेटांत, च्युइंगगममध्ये आणि रूट बिअरमध्ये असतो, तर ब्रिटनमध्ये त्याची ओळख दुखऱ्या अंगावर चोळायच्या मलमातून झाली. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये वासांच्या आवडीनिवडीची पाहणी झाली तेव्हा हा वास नावडत्यांच्या यादीत गेला. पुढच्या दशकात अमेरिकेत तशीच पाहणी झाली तेव्हा तो आवडत्यांत वर आला. रेणू तोच होता, बालपणे वेगळी होती. सेंट लुइसमधल्या लॉरेन्स यांनी औषधात विंटरग्रीन घातले ते अमेरिकी जिभेला रुचेल असे होते. आयोडेक्सवर वाढलेल्या माणसाला तीच चूळ भरताना आपण मलम तोंडात घेतल्यासारखे वाटले, तर त्याचा दोष नाही.

ही तेले पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून अल्कोहोल आले. मूळ लिस्टरिनमध्ये ते २६.९ टक्के असते. एवढ्या अल्कोहोलने जंतू मरत असतील असे सहज वाटते, पण जंतुनाशक म्हणून अल्कोहोल कामाला यायचे तर त्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे लागते. इथे त्याची नेमणूक तेलांना पाण्यात धरून ठेवण्यासाठी आहे. तोंडातली आग मात्र बरीचशी त्याची. जिभेवर उष्णता ओळखणारे ग्राहक साधारण ४२ अंशांना जागे होतात. अल्कोहोल आले की ही पातळी ३४ अंशांच्या आसपास उतरते, आणि तोंड तर ३७ अंशांना असतेच. त्यामुळे शरीराची नेहमीची ऊबच चटका वाटू लागते. त्याच क्षणी मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवतो, तापमान तसूभरही न उतरता. या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांवरचे काम डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी आहे. गुळणी करणाऱ्याला इतके ठाऊक नसते. काहीतरी जोरदार चालले आहे, एवढे त्याला कळते.

या ‘काहीतरी जोरदार’चाच पुढे धंदा झाला. १८८१ साली जॉर्डन व्हीट लँबर्ट या सेंट लुइसच्याच औषध व्यावसायिकाने लॉरेन्स यांच्याकडून कृती घेतली. सुरुवातीची गिऱ्हाइके डॉक्टर होती. त्याच काळात बर्लिनमध्ये विलोबी मिलर हा अमेरिकी दंतवैद्य जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने तोंडातले जंतू तपासत होता. दात किडतात ते जंतूंनी बनवलेल्या आम्लामुळे, असे त्याने मांडले आणि १८९० साली मुखातल्या सूक्ष्म जीवांवर ग्रंथ लिहिला. दंतवैद्यांना आता तोंडासाठी जंतुनाशक हवे होते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या कार्ल लिंगनर यांनी वाकड्या मानेच्या बाटलीतले ‘ओडोल’ काढून त्यावर अफाट पैसा मिळवला. लँबर्ट कंपनीनेही १८९५पासून लिस्टरिन दंतवैद्यांपुढे नेले आणि १९१४पासून ते चिठ्ठीविना दुकानात मिळू लागले. तरी खप बेताचाच होता. निरोगी माणूस रोज उठून जंतुनाशकाने चूळ कशाला भरेल?

या प्रश्नाचे उत्तर लँबर्ट यांच्या मुलाला, जेरार्डला सापडले. अर्कान्सासमधल्या कापसाच्या शेतीत हात पोळून तो कंपनीत आला होता. जाहिरात लिहिणारे मिल्टन फीझली आणि गॉर्डन सीग्रोव्ह यांच्याबरोबर बसून लिस्टरिन आणखी कशाला चालेल, याचा तो खल करत होता. पुढे आत्मचरित्रात त्याने या बैठकीची गोष्ट सांगितली आहे. तोंडाच्या वासावर हे चालेल का, असा प्रश्न निघाला आणि कंपनीच्या जुन्या रसायनतज्ज्ञाला आत बोलावले गेले. तो कात्रणांची जाडजूड वही घेऊन आला आणि एका ब्रिटिश कात्रणात त्याला एक शब्द दिसला: हॅलिटोसिस. जेरार्डने तो कधी ऐकला नव्हता. म्हणजे मुखदुर्गंधीच, असे समजल्यावर तिघेही ताठ बसले. भर सभेत ‘तोंडाला घाण येते’ म्हणता येत नाही. हॅलिटोसिस म्हटले की ती व्याधी होते, आणि व्याधीला औषध लागते.

१९२०च्या दशकात अमेरिकी मासिके या व्याधीने भरून गेली. जाहिरातीत एक सुंदर, चांगल्या घरातली तरुणी असे. मैत्रिणींच्या लग्नात करवली म्हणून मिरवता मिरवता तिशी जवळ आलेली, पण स्वतःचे लग्न मात्र जमत नाही. कारण तिला ठाऊक नाही, आणि जिवलग मैत्रीणही ते सांगणार नाही. नोकरी गेलेले विक्रेते, एकटे पडलेले नवरे यांच्याही कथा येत. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही, या खऱ्या गोष्टीवर ही सारी भीती उभी होती. खप कैक पटींनी वाढला. शेअर बाजार कोसळण्याआधीच जेरार्ड आपला हिस्सा विकून मोकळा झाला आणि शर्यतींच्या नौकांमागे लागला. त्याचा भाऊ अल्बर्ट याने विमानांचा नाद धरला होता. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांना पैसे देणाऱ्यांत तो होता, आणि सेंट लुइसच्या विमानतळाला आजही लँबर्ट यांचेच नाव आहे.

दुर्गंधीवर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूलाच दवाखान्याचा वास होता. या विसंगतीवर १९६६ साली प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने बोट ठेवले. त्यांनी हिरवा, गोडसर, पुदिन्याच्या चवीचा ‘स्कोप’ आणला आणि जाहिरातींत विचारले: तोंडाला औषधाचा वास येणे बरे का? गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. लिस्टरिनने चव सुधारली नाही. ‘लोकांना दिवसातून दोनदा नकोशी वाटणारी चव’ अशा आशयाची जाहिरात करून कंपनीने नावडीचेच भांडवल केले. चव इतकी वाईट आहे म्हणजे जंतू मरतच असणार, हा कार्बोलिकच्या काळातला समज शंभर वर्षांनीही बाजारात खणखणत होता.

तोच समज एकदा अंगाशीही आला. १९२१पासून लिस्टरिनच्या जाहिराती सर्दी आणि घसादुखीवरही दावा करत होत्या. १९७२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला आव्हान दिले. गुळणीतले द्रव सर्दीच्या विषाणूंपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचतच नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने शाळकरी मुलांवर केलेली चाचणी पुढे केली. कोणी खरे औषध घेतले आणि कोणी नाही, हे अशा चाचणीत झाकून ठेवावे लागते. लिस्टरिनच्या बाबतीत ते झाकणार कसे, हाच आक्षेप निघाला, कारण वास चाहूल दिल्याशिवाय राहत नव्हता. १९७५च्या आदेशानुसार कंपनीला पुढच्या १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत कबूल करावे लागणार होते की, लिस्टरिनने सर्दी वा घसादुखी टळत नाही आणि त्यांचा जोरही कमी होत नाही. १९७७ साली अपील न्यायालयानेही हा आदेश मूलतः कायम ठेवला.

दातांवरच्या किटणाची गोष्ट वेगळी निघाली. सहा-सहा महिन्यांच्या चाचण्यांत या चार तेलांनी किटण आणि हिरड्यांची सूज कमी होते असे दिसले आणि १९८७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने लिस्टरिनला आपली मोहोर दिली. १९९२ साली निळ्या रंगाचे ‘कूल मिंट’ आले. त्यात अल्कोहोल २१.६ टक्क्यांवर आणले होते, पण चारही तेले आणि त्यांचे प्रमाण मूळचेच ठेवले होते.

या प्रमाणांवर १८८१पासून एक ओझे आहे. लॉरेन्स आणि लँबर्ट यांच्या करारात लिहिले होते की, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्रोसमागे, म्हणजे १४४ बाटल्यांमागे, लँबर्ट आणि त्यांचे वारस लॉरेन्स आणि त्यांच्या वारसांना २० डॉलर देतील. पुढे हा दर ६ डॉलरवर आला. मुदत मात्र घालायची राहूनच गेली. गुप्त कृती १९३१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून जगजाहीर झाली. १९५५ साली लँबर्ट कंपनी वॉर्नर कंपनीत विलीन झाली, आणि तोवर २ कोटी २० लाख डॉलरच्या वर रक्कम देऊन झालेल्या नव्या मालकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. गुपितच उरले नाही, मग पैसे कशाचे? १९५९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने उत्तर दिले: लिस्टरिन विकले जात आहे तोवर पैसे द्यायचे, कारण कागदावर तसेच लिहिले आहे. त्यानंतर २००० साली फायझर, २००६ साली जॉन्सन अँड जॉन्सन आणि २०२३ साली तिच्यातून वेगळी झालेली केनव्ह्यू, असे मालक बदलत गेले. लॉरेन्स यांच्या हक्काचे तुकडे वारसांकडून धर्मसंस्थांकडे आणि गुंतवणूकदारांकडे गेले. अलीकडच्या वर्षांत असा एक तुकडा लिलावातही विकला गेला. ओवा, निलगिरी, पुदिना आणि विंटरग्रीन यांच्या मिश्रणाची ती रॉयल्टी आहे.